भारताकडे निघालेली जीप

आयर्लंडमधल्या ट्रलीत तू काय करायचीस, असं कुणी विचारलं की मी "नवऱ्याबरोबर होते" एवढंच सांगते. त्याआधी पुण्यात मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत जपानी दुभाषी होते. दिवसभर हेल्मेट घालून जपानी साहेबांच्या मागे शॉप फ्लोअरवर फिरायचं, एकाचं रागावणं दुसऱ्याला गोड करून सांगायचं आणि संध्याकाळी बसलेला घसा घेऊन घरी यायचं. २०१० च्या जानेवारीत नवऱ्याला ट्रलीतल्या, म्हणजे केरी परगण्यातल्या, एका हॉस्पिटलात सर्जरीची नोकरी लागली आणि मी त्याच्या मागोमाग गेले.

माझ्या इमिग्रेशनच्या कार्डावर स्टँप थ्री होता. म्हणजे राहा, फिरा, पण काम करू नका. डॉक्टरांच्या बायकांना पूर्वी परवानगी मिळायची. आम्ही जायच्या थोडंच आधी नियम बदलला होता. हॉस्पिटलजवळच्या डॉक्टरांच्या घरांमध्ये आणखी दोन मराठी बायका होत्या, एक दंतवैद्य आणि एक आर्किटेक्ट. आम्ही तिघी मिळून खूप शिकलेल्या होतो आणि खूप पोहे करायचो. ट्रलीतल्या पोह्यांचा दर्जा त्या दोन वर्षांत फार उंच होता.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे होती आणि त्या दोघींकडे नव्हती. पुण्याच्या कंपनीत आमच्या विभागाच्या मॅडमनी माझी जागा राखून ठेवली होती. निघताना त्या म्हणाल्या होत्या, "दोन वर्षं मी कंत्राटी माणसांवर भागवीन. २०१२ च्या मार्चपर्यंत परत आलीस तर खुर्ची तुझी." मॅडम शब्दाच्या पक्क्या. नवऱ्याची कंत्राटं सहा-सहा महिन्यांची असत, जानेवारी ते जुलै, जुलै ते जानेवारी. दोन वर्षांत त्याची मोठी परीक्षा होईल आणि आपण परत जाऊ, असं आमचं ठरलं होतं. मी तो मार्च धरून बसले होते.

तोवर दिवस घालवायला मी लायब्ररीत जायला लागले. तिथली ग्रंथपाल पन्नाशीची, उंच, जाड चष्म्याची. तिला जगातली प्रत्येक गोष्ट ग्रँड वाटायची. मी जपानी वाचते हे कळल्यावर तिने मला मागच्या खोलीत नेऊन एक खोकं दाखवलं. कुणीतरी घर रिकामं करताना जपानी चित्रकथांचे भाग आणून दिले होते. इंग्रजी आवृत्तीसुद्धा नाही, अस्सल जपानी. तिने सगळ्यांना मोठ्या हौसेने तारखांचे कागद चिकटवले होते आणि तेही शेवटच्या पानावर, जे जपानी पुस्तकात पहिलं पान असतं. प्रत्येक भागाचं सुरुवातीचं चित्र तिने कागदाखाली गाडलं होतं. मी ते सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला चष्मा पुसावा लागला.

"आणि युअर मॅन, हा पिस्तूलवाला," तिकडे 'तो बाबा'ला म्हणतात तसं म्हणत तिने एका मुखपृष्ठावर बोट ठेवलं, "हा प्रीस्ट आहे की काय?"

तो प्रीस्टच होता. बौद्ध भिक्षू, पण सिगरेट ओढणारा, तोंडाचा फटकळ आणि पिस्तूल बाळगणारा. मूळ गोष्ट चीनची, शेकडो वर्षांपूर्वीची. एक भिक्षू धर्मग्रंथ आणायला पश्चिमेला निघतो आणि त्याच्याबरोबर एक माकड, एक डुक्कर आणि एक नदीतला राक्षस असतो. शाळेच्या इतिहासात पाठीवर पोथ्यांची चौकट घेतलेला जो चिनी प्रवासी आपण बघतो, त्याच्याच प्रवासावरून ती रचलेली. महाराष्ट्रातली माणसं उपकारही विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं काहीसं त्याने लिहून ठेवलंय म्हणे. त्यातला दुसरा भाग मला तंतोतंत लागू पडतो. जपान्यांनी मात्र ही गोष्ट घेऊन पार उलटीपालटी केली होती. चौघेही तरुण, देखणे, एकमेकांना शिव्या घालत जीपमधून निघालेले. निघालेले कुठे, तर भारताकडे.

सगळ्या भागांच्या सुरुवातीला इंग्रजीत गोषवारा लिहून द्यायचं मी कबूल केलं. एक पैसा न घेता. शाळेतली मुलं ती चित्रं बघत आणि माझे गोषवारे वाचत. त्यांच्यासाठी ग्रंथपालबाईंनी त्याच गोष्टीच्या अ‍ॅनिमे मालिकेच्या डीव्हीडीही मागवल्या. त्यांच्यावरची इंग्रजी भाषांतरं पाहून माझं डोकं फिरायचं, अक्षरशः पाट्या टाकल्या होत्या. मी त्यांतल्या चुकांची एक वही केली. ती कुणी मागितली नव्हती.

त्यातलं ते माकड माझ्या मनात घर करून बसलं. त्याला डोंगरात पाचशे वर्षं कोंडून ठेवलेलं असतं. बाहेर आल्यावरही कपाळावर सोन्याची पट्टी असते आणि ती आहे तोवर त्याची खरी ताकद बंद. दिसायला दागिना, काम बेडीचं. मी ते पान वाचून लायब्ररीच्या खुर्चीत रडले, आणि मला रडू फार सहज येत नाही. पुण्यात लोक मला "काय मज्जा, परदेशात" म्हणत होते. मला त्या माकडाचा हेवा वाटायचा. आपल्याला कुणी कोंडलं हे त्याला निदान माहीत होतं.

नवऱ्याला लायब्ररीचं प्रकरण आवडलं नाही. त्याचं म्हणणं, पैसे घेतले नाहीत तरी काम ते कामच. डब्लिनजवळच्या ल्यूकनमध्ये राहणाऱ्या एका डॉक्टरने त्याला सांगितलं होतं की कुणी तक्रार केली तर नवऱ्याच्या परमिटवर येतं. त्या डॉक्टरला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. आमची भांडणं झाली. मी त्याला भित्रा म्हटलं. तो छत्तीस तासांची ड्यूटी करून आलेला असायचा, जेवतानाच डोळे मिटायचे, आणि मी त्याला भित्रा म्हणायचे. शेवटी मी जातच राहिले आणि त्याने विचारायचं बंद केलं.

आईशी रोज फोन व्हायचा. तिचा प्रश्न ठरलेला, दिवसभर करतेस काय? आमच्या सोसायटीतल्या कुणाकुणाच्या मुली अमेरिकेत काय काय करतात ते ती मग सांगायची. एकदा मी वैतागून म्हटलं की मी लायब्ररीत जाते, तिथल्या जपानी पुस्तकांचं सगळं मीच बघते. यात खोटा शब्द एकही नव्हता. पलीकडे आईचा आवाजच बदलला. किती वर्षांनी तिला माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही मिळालं होतं. पगार किती, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर ती रोज "ऑफिसातून आलीस का?" असं विचारायला लागली, आणि मी "हो" म्हणायला लागले.

भाग संपत आले. चौघे वाळवंटातून गेले, बर्फातून गेले, भांडले, जखमी झाले, पण भारत काही येईना. शेवटच्या भागाच्या शेवटच्या पानावरही जीप चाललेलीच होती. पुढे मालिका चालूच आहे, असं मला इंटरनेटवर कळलं. लेखकाला त्यांना पोचवायची घाई नव्हती. आमच्याही घरात तेच चाललं होतं. नवरा परीक्षेत एकदा नापास झाला. मग "जुलैनंतर बघू", मग "जानेवारीनंतर बघू". त्याला मी बोल लावायचे, पण मार्च जवळ आला तरी मीही काही हलत नव्हते.

त्याला एक कारण होतं आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये मॅडमनी मला स्काइपवर बोलावून शेजारी बसलेल्या जुन्या जपानी साहेबांशी सहज बोलायला लावलं. साहेबांशी बोलायची जी अदबीची जपानी असते, ती माझ्या जिभेवर येईचना. येत होती ती त्या पिस्तूलवाल्या भिक्षूची जपानी. साहेब सभ्यपणे हसले. मॅडम म्हणाल्या, होईल पुन्हा सराव. मी कॅमेरा बंद केला आणि हॉट प्रेसमध्ये, म्हणजे त्या घरातल्या कपडे वाळवायच्या गरम कपाटात, टॉवेलांच्या घड्या घालत बराच वेळ उभी राहिले.

तरी जानेवारीच्या शेवटी मी मॅडमना मेल लिहायला घेतली. मी मार्चमध्ये येते, तिकीट काढते. ती मेल आठ दिवस तशीच पडून राहिली. नवऱ्याचा निकाल आठवड्यावर आला होता, तो लागला की पाठवू, असं मी स्वतःला सांगत होते. निकाल लागला. तो पास झाला. आणि त्याच दिवशी मॅडमचीच मेल आली.

कुणाकडे तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मॅडम आणि माझी आई भेटल्या होत्या. आईने त्यांना सगळं सांगितलं होतं. मुलगी तिकडच्या लायब्ररीत जपानी विभाग सांभाळते, तिथले लोक तिला सोडायला तयार नाहीत, पोरं तिचीच पुस्तकं वाचतात. मॅडमनी मनापासून अभिनंदन केलं होतं. "आता तू कशाला येतेस इकडे," असं लिहून पुढे म्हटलं होतं की कंत्राटावरची मुलगी चांगली आहे, तिला एप्रिलपासून कायम करायचं म्हणते. "तुझी हरकत नाही ना? असेल तर आठ दिवसांत कळव. शब्द दिलाय मी तुला."

मला आईचा असा संताप आला की मी फोन उचलला आणि परत ठेवला. त्या हळदीकुंकवात नव्या साडीत, मान वर करून बोलणारी आई मला दिसत होती. तिने जे सांगितलं त्यातलं निम्मं तर मीच तिला पुरवलं होतं.

नवरा घरी आला तेव्हा मी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. त्याने कोट न काढता उभ्यानेच मेल वाचली. मला वाटलं, बरं झालं म्हणेल. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आजच लिही त्यांना. खरं काय ते सांग."

मी म्हटलं, "आईचं काय होईल? चारचौघींत सांगितलंय तिने."

"मॅडम कशाला कुणाला सांगतील? तू जा. मी राहीन एकटा, जुलैत येईन मागोमाग. दोन वर्षं तू माझ्यासाठी बसलीस, मला कळत नाही का?"

तो आत जाऊन झोपला. पास झाल्याचा आनंदसुद्धा त्याने केला नव्हता. मी पलंगाच्या कडेला बसून त्याच्याकडे बघत होते आणि मला त्याची माया येण्याऐवजी धडकीच भरत होती. स्टँप नाही, नवरा नाही, आई नाही. मला अडवायला आता कुणीच उरलं नव्हतं. तिकडे साहेब होते, शॉप फ्लोअर होता, आणि माझ्या तोंडून येईल की नाही याची खात्री नसलेली जपानी होती.

मॅडमनी आठ दिवस दिले होते. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी उत्तर पाठवलं. त्यांचे आभार मानले, त्या मुलीला शुभेच्छा दिल्या आणि खाली लिहिलं, माझी काहीच हरकत नाही. नवऱ्याला सांगितलं, मी लिहिलं रे, पण त्यांनी आधीच तिला घेतलं होतं. तो फार हळहळला. अजूनही हळहळतो, आणि मी त्याला हळहळू देते.