शिपायाच्या बाजूने

तुरुंगफोडीच्या सिनेमात कैदी भिंतीवर चढतो, तेव्हा सारे जग त्याच्या बाजूने श्वास रोखून बसलेले असते. सारे जग वजा एक. तो एक म्हणजे आमच्या हिचे मामा. कैदी पलीकडे उतरला की त्यांचा चेहरा असा पडतो, की घरचेच कुणी पळून गेले असावे. मामांनी चौतीस वर्षे तुरुंग खात्यात काढली. शिपाई म्हणून लागले, तुरुंगाधिकारी झाले आणि तिथेच थांबले. पुढे का गेला नाहीत असे कुणी विचारले, की "जागा नव्हत्या" एवढेच सांगायचे. मामी गेल्यापासून ते दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे हॉलंडमध्ये, हार्लेमला येतात, आणि ते तीन महिने आमचे घर सरकारी शिस्तीत चालते.

मामा मोजतात. सकाळी उठल्यावर, जेवायला बसताना आणि संध्याकाळी बंदीच्या वेळी, म्हणजे कैद्यांना बराकीत घालून कुलूप लावायच्या वेळी. घरात आम्ही तिघे: मी, ही आणि आमची बारा वर्षांची मुलगी. तिघांना मोजायला बोट लागू नये. पण मामा एकेकाकडे बोट करून "एक, दोन, तीन, बरोबर" म्हटल्याशिवाय पहिला घास घेत नाहीत. मुलगी समोर बसून "आजोबा, आय ॲम लिटरली हिअर" म्हणते, तरी तिचाही नंबर घेतला जातो. ती मैत्रिणीकडे गेली असेल तर "दोन हजर, एक रजेवर". मी एकदा धीर करून म्हटले, "मामा, चार. तुम्ही राहिलात." नव्याने भरती झालेल्या पोराकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. "जावईबापू, मोजणारा धरत नाहीत."

त्यातून पंचाईत अशी, की नियमाप्रमाणे बंदी सूर्यास्ताच्या आत व्हायला हवी. हा नियम करणाऱ्याने हॉलंडचा जून पाहिलेला नव्हता. पहिल्या वर्षी जेवणे झाली, भांडी घासून झाली, तरी बाहेर लख्ख ऊन, आणि मामा हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन खिडकीशी उभे. "आज मावळणार आहे ना?" असे त्यांनी हिला दोनदा विचारले. शेवटी हिनेच फर्मान काढले: साडेसहाला बंदी, सूर्य काहीही करो. बाकी हा देश त्यांना पसंत पडला. इथली माणसे खिडक्यांना पडदे लावत नाहीत, हे पाहून ते खूश झाले. "बाहेरून सगळी बराक दिसते. एक शिपाई अख्खी गल्ली सांभाळेल." स्टेशनवरची कार्ड लावून उघडणारी फाटकेही त्यांना आवडली, मात्र एक तरुण दुसऱ्याच्या पाठीला चिकटून आत शिरला, तेव्हा फलाटावर त्याला शोधून त्यांनी इंग्रजीत समज दिली. एका वर्षी ते उशिरा आले, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला दारात उभे राहून त्यांनी डोकी मोजली. त्या वर्षी मोदक कुणाला कमी पडले नाहीत. तेव्हापासून मंडळाची माणसे त्यांच्या तिकिटाची तारीख विचारून मग हॉल ठरवतात.

तर, सिनेमा. खऱ्या घटनेवरचा एक ब्रिटिश सिनेमा आहे. तिघे कैदी तुरुंगाच्या धुलाईखान्यात काम करतात. त्यांच्यावर एक शिपाई आहे, साधा, तोंडाने कडक आणि मनाने मऊ. त्याचा विश्वास बसेपर्यंत ते थांबतात आणि एका संध्याकाळी निसटतात. मी तो मामांना सहज म्हणून लॅपटॉपवर लावून दिला आणि पस्तावलो. मामा दर पाच मिनिटांनी बोट वर करायचे, "थांबवा." मी थांबवायचो. "चूक नंबर चार. चादरींची मोटली बाहेर जाताना उलगडून पाहिली नाही." एकूण एकोणीस चुका निघाल्या. पुढच्या रविवारी पुन्हा तोच सिनेमा, मग त्याच्या पुढच्या रविवारीही. शेवटी पडद्यावर अक्षरे येतात: एक कैदी बंदरावर पकडला गेला, दुसऱ्याने परदेशात बेकरी काढली, तिसरा कधी सापडलाच नाही. मग नटांची नावे, मग प्रकाशयोजनावाल्यांची, मग गाडीवाल्यांची. पार शेवटच्या ओळीपर्यंत मामा चष्मा सावरत वाचत बसायचे. मला वाटे, पै न पै वसूल करायचा स्वभाव, दुसरे काय.

यंदाच्या जूनमध्ये तोच सिनेमा आमच्या गावात लागला, आणि लागला कुठे, तर जुन्या तुरुंगात. हार्लेमचा हा घुमटाचा तुरुंग कधीच रिकामा झाला आहे. आता आत कॅफे आहे, कोठड्यांमध्ये ऑफिसे आहेत आणि खाली सिनेमागृह. सिनेमानंतर चर्चाही होणार होती. मी, ही आणि मामा गेलो. आत शिरताच मामांनी झडतीच्या सवयीने पाकीट, किल्ल्या, रुमाल, चष्म्याचे घर आणि दोन खडीसाखरेचे खडे काढून काउंटरवर मांडले. तिथल्या मुलीने ते सगळे नीट पाहून घेतले आणि विनम्रपणे सांगितले, की इथे फक्त कार्ड चालते. मग मामांनी घुमटाखाली उभे राहून मजल्यामजल्यांवरच्या कोठड्या पाहिल्या. "सगळी दारं उघडी," ते हळूच म्हणाले. आनंदाने म्हणाले की दुःखाने, मला कळले नाही.

इथे सिनेमाला मध्यंतर असते. आधी मामांनी एकसष्ट माणसे मोजली होती, मध्यंतरानंतर साठ भरली. ही वर्दी त्यांनी ताबडतोब दारावरच्या मुलाला दिली. तो म्हणाला, "कदाचित त्यांना आवडला नसेल." मामांना हे उत्तर अजून पटलेले नाही.

सिनेमा संपला. एका उंच बाईंनी माइक घेतला आणि विचारले, की ते तिघे सुटले तेव्हा तुम्हाला काय वाटले? कुणी म्हणाले आनंद, कुणी म्हणाले स्वातंत्र्य. मामांचा हात वर गेला. इंग्रजी त्यांना चांगले येते. पण "निवेदन मातृभाषेतच द्यायचं असतं" म्हणत त्यांनी मला उभे केले. "विचारा त्यांना, त्या शिपायाचं पुढं काय झालं."

मी विचारले. बाईंनी कागद चाळले. तो शिपाई साहेबाच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा असतो, दार लागते, त्यानंतर तो सिनेमात येत नाही हे खरे. आपण कधी याचा विचार केला नव्हता, माहिती मिळत नाही, असे त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की चार वेळा नावांच्या शेवटच्या ओळीपर्यंत हा माणूस कशाची वाट बघत होता.

"मग मी सांगतो," मामा म्हणाले. "माझ्याकडूनही एक पळाला होता. नोंदवहीत माझ्या सहीखाली दोनशे बारा होते, बराकीत दोनशे अकरा. मुकादमानं बरोबर आहेत म्हणून सांगितलं, मी मोजले नाहीत. घाई होती. भाचीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, त्यात तिचं नाटक, साडेसहाला." मी भाषांतर करता करता अडखळलो. शेजारी ही बसली होती. हिचे वडील लवकर गेले आणि ही मामांच्या क्वार्टरमध्ये वाढली. "ती म्हणायची, मामा, तू कधीच येत नाहीस. त्या दिवशी गेलो. पहिल्या रांगेत बसलो. कैदी अकराव्या दिवशी त्याच्या आईच्या घरी जेवताना सापडला. माझी चौकशी झाली, बढती गेली ती गेलीच. तेव्हा त्या शिपायाचं काय झालं असेल, तर असं झालं असेल. तुमच्या यादीत लिहून ठेवा."

मग मागून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, "नाटकात भाचीचं काम कोणतं होतं?"

मी मामांना सांगितले. ते पहिल्यांदाच हसले. "झाड," ते म्हणाले. "बोलायचं काही नव्हतं. पण हलली नाही शेवटपर्यंत."

सगळे सभागृह हसले, टाळ्या वाजल्या. हिने मात्र डोळ्यांना पदर नव्हता म्हणून माझी बाही लावली. घरी चालत जाताना कालव्याच्या पुलावर ही थांबली. हिला ती संध्याकाळ चांगली आठवत होती: खाकी गणवेशातला मामा, पहिल्या रांगेत, सगळ्यांत आधी टाळ्या वाजवणारा. त्या संध्याकाळची किंमत काय होती हे मात्र हिला आज कळले होते, तेही माझ्या मोडक्या भाषांतरातून. "मामा, तुला कधी वाईट नाही वाटलं?" हिने विचारले.

"वाटतं ना. सहीचं वाटतं, रोज वाटतं." मामांनी खिशातून खडीसाखर काढून हिच्या हातावर ठेवली. "झाडाचं नाही वाटत."

जुलैअखेर त्यांचे तीन महिने भरले. विमानतळावर आत जाण्याआधी ते वळले आणि तिथल्या तेवढ्या गर्दीतही बोट करून त्यांनी आम्हाला मोजले. एक, दोन, तीन, बरोबर. आता ते त्यांच्या गावी, दोन खोल्यांत एकटे असतात. आमचे साडेसहा वाजले की त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तोवर रात्र झालेली असते, पण बंदी आमच्या घड्याळाप्रमाणे. मुलीला अभ्यासातून उठून चेहरा दाखवावा लागतो. मोजून होते, "बरोबर" येते. पूर्वी फोन तिथेच संपायचा. हल्ली ही संपू देत नाही. पडद्यावरच्या त्या टक्कल पडलेल्या डोक्यावर बोट ठेवते आणि मोठ्याने म्हणते, "चार."

नियमात बसत नाही, हे मामांना ठाऊक आहे. पण ते नुसते फोन बंद करायचे बटण शोधत राहतात, आणि ते त्यांना बराच वेळ सापडत नाही.