न पाहिलेली काच

'रक्त कमी आहे' हे वाक्य सर्जेरावला खपत नसे. गारखेड्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो रक्त तपासायचा, आणि रोज कुणीतरी पांढुरक्या ओठांनी हेच सांगत आत यायचं. तो विचारायचा, कमी म्हणजे कसं कमी? समोरचा माणूस गोंधळायचा. मग सर्जेराव त्याला उठवून सूक्ष्मदर्शकापाशी बसवायचा. डॉक्टरीणबाई कुरकुरायच्या की हा दवाखाना आहे, प्रदर्शन नाही. तो ऐकून घ्यायचा आणि पुढच्या माणसालाही बसवायचा.

टेबलाच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात त्याने रक्ताचा थेंब पसरलेल्या जुन्या काचा जपल्या होत्या. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या एका मजुराची काच होती. त्याच्या पेशींवर निळे ठिपके, शिसं अंगात भिनलेलं. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशींची एक होती, आईबापांकडून आलेली. आणि लोहाच्या कमतरतेच्या तर कितीतरी. पेशी बारीक, मधे फिकट, पीठ पुरलं नाही म्हणून पातळ थापलेल्या भाकरीसारख्या. एखाद्या दिवशी तो हा डबा पुन्हा पुन्हा उघडायचा आणि न बघताच बंद करायचा.

तो अठरा वर्षांचा होता तेव्हा त्यांचं घर जळलं. सोयगावकडच्या एका गावात, अठ्ठ्याहत्तर साली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि ज्यांना ते नको होतं त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बौद्ध वस्त्यांवर राग काढला. त्याचे वडील रामकिसन अंगावरच्या कपड्यांनिशी सगळ्यांना घेऊन शहरात आले. सर्जेराव शिकला, कामाला लागला. शहर वाढलं, वाळूजच्या माळावर कारखाने उभे राहिले. गावाचं नाव मात्र त्यानं पंधरा वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात बानाबाई आली. साठीची धनगर बाई, काखेत दहा महिन्यांची नात, मुक्ता. पोर मेणासारखी पिवळट पांढरी, रडायचीही ताकद नसलेली. मुलगा आणि सून दोघं वाळूजला कंपनीत, सून कामावर जायला लागली तसं तिचं दूध आटलं. म्हणून बानाबाई दोन शेळ्या घेऊन गावाहून आली होती. कुठलं गाव, असं सर्जेरावनं चिठ्ठीवर लिहिण्यासाठी विचारलं. तिनं सांगितलं.

त्याचंच गाव.

त्याने तिला ओळखलं नाही, तिनेही त्याला नाही. पण ते नाव ऐकल्यावर ती लवकर जावी, असं त्याला वाटलं. शहरात मोर्चा होता, दवाखाना बाराला बंद व्हायचा होता, हेही खरंच. त्याने पोरीच्या टाचेला टोचलं, रक्त नळीत घेऊन रंग जुळवला, हिमोग्लोबिन अकरा हवं तिथं साडेसहाचा आकडा लिहिला. काचेवर थेंबही पसरला, पक्का केला, नंबर टाकला. आणि ती काच न रंगवता, न बघता ताटलीत ठेवून दिली. सूक्ष्मदर्शकापाशी त्याने बानाबाईला बसवलं नाही. आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी लोहाचे थेंब लिहून दिले. बहुतेक पोरांना तेच लागतं.

तीन आठवड्यांनी, आठ जानेवारीला, बानाबाई परत आली. पोरीची मान आता खांद्यावरून उचलली जात नव्हती. रंग जुळवला तर साडेपाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थेंब दिले नसतील. बानाबाई शांतपणे म्हणाली, "रोज दिले बाई. पोर काळं काळं हगती तवापासून. शेळीबी काय सांगायला येत नाय, नायतर तिनंबी साक्ष दिली असती." काळी शी म्हणजे लोह पोटात गेल्याचीच खूण.

सर्जेरावने आजचं रक्त काचेवर घेतलं आणि ताटलीतून ती जुनी काचही काढली. दोन्ही रंगवल्या. आधी जुनी लावली. पेशी थोड्या होत्या, पण बारीक नव्हत्या. मोठ्या होत्या, लांबट, फुगलेल्या. पांढऱ्या पेशींचं केंद्र पाच-सहा तुकड्यांत फुटलेलं. लोहाशी याचा संबंध नव्हता. मग त्याने आजची लावली, तीही तशीच. हे सगळं तीन आठवड्यांपूर्वीही असंच तिथं होतं.

त्याने विचारलं, "मावशी, पोरीला काय काय देता?"

"शेळीचं दूध."

"आन् दुसरं?"

"दुसरं कशाला? आमच्यात पोरं शेळीवरच वाढत्यात. माझी चार वाढली. रानात चरणारी शेळी, छप्पन्न पाल्यांचं औषध तिच्या दुधात."

ती चार वाढली तेव्हा शेळीच्या जोडीला ती स्वतः अंगावर पाजत होती, हे तिनं हिशेबात धरलं नव्हतं. शेळीच्या दुधात रक्त पिकवणारं एक जीवनसत्त्व, फॉलिक, जवळजवळ नसतं. सर्जेरावनं ते आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि जुनी काचही पुढे ठेवली. पहिल्याच दिवशी दिसलं असतं, मी बघितली नाही, असं म्हणाला. बाईंनी खाली वाकून दोन्ही काचा पाहिल्या. इंजेक्शन आणि फॉलिकची गोळी लिहिली. वरण, पालेभाजीचं पाणी, गाजर लिहिलं. सहाव्या दिवशी पुन्हा रक्त. मग इतकंच म्हणाल्या, "तिला तुम्हीच सांगा."

त्याने बानाबाईला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एक डोळा मिटायला तिला जमेना, तिनं पदर धरला डोळ्यावर. तो म्हणाला, रक्त म्हणजे कळप समजा. कळप चार तऱ्हांनी घटतो. चारा नाय, तर कोकरं खुरटी निपजतात. लांडगा नेतो, म्हणजे रक्त कुठंतरी वाहून जातं. काही कोकरं जन्मतात ती वाकडीच, लवकर मरतात. आणि काही...

"गाभडतात," ती डोळा न काढता म्हणाली. "पोटातच बिघडतंय."

"व्हय. जी निपजतात ती दिसायला दांडगी, पण कच्ची. तुमच्या नातीचं तसं झालंय. आपण तिला खुरट्याचा चारा घातला."

तिनं डोळा काढला. "हे आज दिसलं का तवाबी दिसत होतं?"

"तवाबी होतं."

"मग?"

"मी काच बघितली नाय मावशी. तुम्ही गावाचं नाव सांगितलं, आन् मी बघितली नाय. मी रामकिसनचा पोरगा."

बानाबाई उठली. पोरीला काखेत घेतलं, चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली आणि गेली. दारात शेळीचं दूध बंद करू का एवढंही विचारलं नाही. सर्जेरावला ते सहा दिवस जेवण गेलं नाही. ती येईल का, हे त्याला कळत नव्हतं, आणि गोळी देत असेल का, हेही.

सहावा दिवस चौदा जानेवारी होता. त्या दिवशी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळाल्याची बातमी आली. गल्लीगल्लीतून निळे झेंडे घेऊन लोक विद्यापीठाच्या गेटकडे निघाले. रामकिसन मुलाला न्यायला दवाखान्यात आला, पांढरा सदरा घालून. सोळा वर्षं थांबलेला म्हातारा. सर्जेराव म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, मी एका पेशंटसाठी थांबलोय. म्हातारा म्हणाला, आज? आणि एकटाच गेला.

रिक्षा बंद होत्या. बानाबाई चालत आली, घामाघूम. मुक्ताची मान ताठ होती. टाचेला टोचल्यावर तिनं चांगलं भोकाड पसरलं आणि सर्जेरावच्या शर्टाचं बटन मुठीत धरलं ते सोडीना. त्याने रक्तात निळा रंग मिसळला, थांबला, काच लावली. नव्या, कोवळ्या पेशी, आत निळी जाळी असलेल्या, औषध लागू पडल्याची खूण. इतक्या, की काच सरकवली तरी भिंगाखालच्या प्रत्येक वर्तुळात दिसत होत्या. तरी आकडा लिहावाच लागतो. हजार पेशींत किती, हे एकेक करून मोजावं लागतं. तो मोजू लागला.

बाहेरून घोषणा ऐकू येत होत्या. बानाबाई स्टुलावर बसली होती. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत, सर्जेरावच्या पाठीकडे बघत ती म्हणाली, "त्या दिशी आमी मेंढरं घेऊन माळावर होतो. तुमच्या वस्तीतून धूर दिसला. आमचे हे म्हनले, खाली जाऊ. मीच म्हनलं, मेंढरं कोन बघंल."

सर्जेरावचं मोजणं थांबलं. पाचशेच्या पुढे कुठेतरी होता तो. आकडा निसटला. त्याने डोळा काढला नाही. काच पुन्हा कडेला सरकवली आणि एकपासून सुरुवात केली.