भेकर कसं ओरडलं

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असत, कारण त्या दिवशी वीजच नसे. एरवी बाबा शुक्रवारी दुपारपर्यंत झोपत. मी चौथीत असताना, दिवाळीच्या सुट्टीतल्या एका शुक्रवारी मात्र ते अंधारातच उठून बसले. त्यांनी मला भेकर दाखवायचं कबूल केलं होतं.

शाळेच्या पुस्तकात भेकराचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं की ते कुत्र्यासारखं भुंकतं. हरीण भुंकतं हे मला पटत नव्हतं. बाबांच्या शेजारच्या लूमवर तानशाच्या जंगलालगतच्या पाड्यावरचा एक माणूस होता. तो म्हणाला, पोरीला घेऊन या, माझा भाऊ दाखवील.

निघताना आईनं मला चुलीपाशी बोलावलं. "यांना हल्ली कमी ऐकू येतं असं वाटतं. विचारलं की चिडतात. तू जरा लक्ष ठेव."

एसटीनं आटगाव आणि तिथून धरणाकडे जाणारा टेंपो. तानशाचं अभयारण्य म्हणजे तिकीट, फाटक, पिंजरे असं काहीतरी मी धरून चालले होते. तिथे फक्त सागाचं रान होतं, आणि त्यात आम्ही तिघं. तिसरा, त्या माणसाचा पाड्यावरचा भाऊ, आमचा वाटाड्या, हातात कोयता घेऊन पुढे चालत होता.

"बाय, बघून चाल, काटे हायत," बाबा म्हणाले. झाडांवरची पाखरं उडाली. लूमवरची माणसं घरीही ओरडूनच बोलतात. आमच्या गल्लीत त्याचं कुणाला काही वाटत नसे.

"भाऊ, हळू," वाटाड्या मागे वळून म्हणाला. "असं बोलाल तं भेकर पार वाडा गावाला पळंल."

"हळूच बोलतोय की," बाबा तितक्याच मोठ्यानं म्हणाले.

"न्हाय. तुमचा हळू म्हंजे आमच्याकडं लग्नाचा बँड हाय."

बाबा हसले. बोलणं कळलं म्हणून की समोरचा हसत होता म्हणून, हे मला ठरवता आलं नाही.

उन्हं कलल्यावर ओढ्याच्या अलीकडे वाटाड्यानं बाबांना पुढे जाऊ दिलं आणि तो माझा हात धरून उतार उतरू लागला. तेवढ्यात उजवीकडच्या झुडपातून भुंकण्याचा आवाज आला. कोरडा, तुटक, पुन्हा पुन्हा. वाटाड्या थांबला, मी थांबले. बाबा सागाची वाळलेली पानं तुडवत चालतच राहिले.

मोठी हाक मारली असती तर भेकर पळालं असतं. हळू मारलेली त्यांच्यापर्यंत पोचली नसती.

आम्ही मागे का राहिलो हे बघायला ते वळले आणि बोलायला तोंड उघडलं. मी डबा घेऊन कारखान्यात जायचे, त्यामुळे तिथल्या खडखडाटात चालणारी हातांची बोली मला येत होती. दोन बोटं कात्रीसारखी मिटली की धागा तुटला. पंजा खाली दाबला की लूम थांबव. मी दोन्ही केलं.

बाबांचा उजवा हात आपोआप बाजूला गेला, लूम थांबवायचं हँडल धरायला. तिथे हँडल नव्हतं. पण ते थांबले आणि तोंडही मिटलं.

मी झुडपाकडे बोट केलं. भेकर बाहेर आलं. तांबूस, शेळीएवढं. मान पुढे काढून ते पुन्हा भुंकलं. बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते, कारखान्यात माणसांच्या तोंडाकडे बघायचे तसे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एक बोट कानाला लावलं आणि पंजा आडवा हलवला. ही खूण मी कारखान्यात कधी पाहिली नव्हती. कळली मात्र लगेच.

भेकर पाणी पिऊन निघून गेलं. परतताना वाटाड्या बाबांच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलू लागला.

एसटीत बाबांनी मला खिडकी दिली. म्हणाले, "आईला तू नको सांगू. मीच सांगतो." मग माझ्याकडे वळून, "कसं ओरडलं गं ते?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि भुंकले. पुढच्या बाकावरची बाई दचकून वळली. कंडक्टर म्हणाला, "काका, कुत्र्याचं तिकीट काढलंय का?"

बाबांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी डोकं माझ्याकडे आणखी कलवलं.

"अजून एकदा," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं."