गिअर हाताला, क्लच पायाला

चिंचपोकळी स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत हेमचंद्र परबचं गॅरेज आहे. गिरणी बंद पडली तसे वडील घरी बसले, आणि हेमचंद्र शाळा सोडून एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली लागला. पुढे ते दुकान त्याच्याकडेच आलं. हाताला गुण होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. खोड एकच. दुसऱ्याच्या कामाला त्याने कधी बरं म्हटलं नाही. गिऱ्हाईक मध्येच दुसरीकडे जाऊन आलं, तर आधी "कोणी हात लावला हिला?" असं विचारायचा आणि मग अर्धा दिवस घुम्यासारखा काम करायचा.

दत्ताराम तावडे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, माझगावच्या गोदीत फिटर. दत्तारामने बुलेट घेतली त्या दिवसापासून तिला हेमचंद्रशिवाय कोणी पाना लावला नव्हता. याचा अभिमान दत्तारामपेक्षा हेमचंद्रलाच जास्त.

मग एक दिवस कामावर लोखंडी प्लेट सरकली आणि दत्तारामच्या डाव्या हाताची मधली बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. जखम भरल्यावर तो गॅरेजवर आला.

"क्लच दाबला जात नाय रे," तो म्हणाला. "काहीतरी कर."

हेमचंद्रने तो हात बघितला. आपल्या माणसाचं दुखणं बघवलं नाही की तो नेहमीच तिरसटासारखा बोलायचा. "विकून टाक. बिनगिअरची स्कूटर घे. ह्या वयात काय करायचीय बुलेट?"

दत्तारामने चहा संपवला आणि निघून गेला.

गणपतीच्या तोंडावर एका संध्याकाळी हेमचंद्र कार्ब्युरेटर साफ करत बसला होता. गल्लीत ओळखीचा आवाज शिरला. दत्तारामची बुलेट. विकली वाटतं, नवा मालक आला असेल, असं म्हणत त्याने मान वर केली. गाडीवर दत्तारामच होता. टाकीच्या डाव्या अंगाला लोखंडी दांडा उभा होता आणि त्याच्या टोकाला लाकडाचा गोल गट्टू. दत्तारामने डाव्या पायाने पेडल दाबलं, गट्टूला अंगठा अडकवून दांडा ओढला आणि गाडी न्यूट्रलवर आणून अलगद उभी केली.

शेजारचा इस्त्रीवाला बाहेर आला, फुलवाली आली. दत्ताराम सगळ्यांना समजावत होता. "क्लच पायाला दिला. मग गिअर कोण टाकणार? तो हाताला. पुढे तळव्याने ढकलायचं, मागे अंगठ्याने ओढायचं. आरटीओनेपण पास केली."

"कोणी केली?" हेमचंद्रने विचारलं.

"कॉटन ग्रीनला अंबिका शेलार म्हणून आहे. वडिलांचं लेथचं दुकान ती चालवते."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं ना."

दत्ताराम हे सरळ मनाने बोलला होता. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच हेमचंद्रला ते जास्त लागलं. गट्टू तळव्यात बसेल असा घासला होता. पेडल दत्तारामच्या पायाच्या मापाचं होतं. सांधा न सांधा देखणा होता. हेमचंद्रला त्या दांड्याकडे बघवेना आणि नजरही हटवता येईना.

रात्री तो ताटावरून अर्धवट उठला. बायको नलू म्हणाली, "त्या बाईनं केलं म्हणून जळताय, की चांगलं झालं म्हणून?"

"जळतंय कोण?" तो म्हणाला, आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

गणपतीत तो दत्तारामकडे दर्शनाला गेला. दत्तारामची बायको वैशाली हातावर प्रसाद देताना हळूच म्हणाली, "भावजी, गाडी बरी आहे ना? हे रोज घेऊन जातात. माझा जीव टांगणीला लागतो."

बरी आहे, एवढंच म्हणायचं होतं. हेमचंद्र म्हणाला, "खरं सांगू वहिनी? असल्या जोडकामाचा भरवसा नाय. पुलावर दांडा निसटला, तर माणूस सरळ बसखाली."

त्याने तो दांडा हात लावूनसुद्धा पाहिला नव्हता.

विसर्जनानंतर बुलेट चाळीच्या जिन्याखाली कव्हर घालून उभी राहिली. वैशालीने शपथ घातली होती. दत्ताराम बसने कामावर जाऊ लागला. कव्हर घातलेली गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा हेमचंद्रला गार वाटलं. पण दत्ताराम गॅरेजवर यायचा बंद झाला. रस्त्यात भेटला तरी हात खिशात घालून "घाईत आहे रे" म्हणत पुढे जायचा. बोटं गेल्यावरसुद्धा त्याने तो हात असा कधी लपवला नव्हता.

एका दुपारी सलवार-कमीजवर खाकी ॲप्रन घातलेली एक बाई गॅरेजवर आली. "मी अंबिका शेलार. तावडेंकडून कळलं, त्यांच्या गाडीत धोका आहे असं तुम्ही म्हणालात. कुठे आहे तेवढं दाखवा, दादा. मी दुरुस्त करते."

भांडायला आली असती तर हेमचंद्रने सणसणीत उत्तर दिलं असतं. ती खरंच विचारत होती. तो पाना घेऊन तिच्याबरोबर निघाला.

रविवार होता, दत्ताराम घरीच होता. कव्हर निघालं. हेमचंद्र खाली बसला आणि सांधे तपासू लागला. एक तरी नट ढिला निघू दे, असं तो मनात म्हणत होता. एकही निघाला नाही.

"चालवून बघतो," तो उठत म्हणाला.

गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नीट गेली. परत येताना समोर हातगाडी आली. हेमचंद्र थांबला, आणि आयुष्यभराच्या सवयीने डावा पाय जमिनीवर टेकवला. क्लचचं पेडल सुटलं, गाडीने उसळी मारली आणि त्याच्यासकट आडवी झाली.

दत्ताराम धावत आला. वैशाली जिन्यावरून ओरडली, "बघा, भावजी म्हणतच होते."

हेमचंद्रचं कोपर सोललं होतं. अंबिका त्याच्याकडे बघत होती. तो नुसता गप्प राहिला असता तरी गाडी पुन्हा कव्हरखाली गेली असती.

"वहिनी, चूक माझ्या पायाची," तो म्हणाला. "गाडी बरोबर आहे. मी तेव्हा न बघताच बोललो होतो."

"न बघता?" वैशाली म्हणाली. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

दत्तारामने गाडी उचलली, पायाने क्लच दाबला, गट्टू ढकलला आणि निघाला. वळणावर त्याने गिअर बदलला तेव्हा इंजिनाने हूं की चूं केलं नाही. इतका साफ गिअर हेमचंद्रला स्वतःच्या चांगल्या हातापायांनी कधी टाकता आला नव्हता. आता त्याला कोणाचा जास्त हेवा वाटत होता, अंबिकेचा की दत्तारामचा, हे त्याचं त्यालाच कळेना.

दत्ताराम पुन्हा गॅरेजवर येतो. इंजिनाचं काम हेमचंद्र करतो, दांड्याचं आणि पेडलचं कॉटन ग्रीनला होतं. परवा खांदा निकामी झालेला एक कुरियरवाला विचारत आला, अशी गाडी तुम्ही करता का? हेमचंद्रने त्याला अंबिकेच्या दुकानाचा पत्ता नीट समजावून सांगितला, कोपऱ्यापर्यंत सोडायलाही गेला. परत येऊन मात्र संध्याकाळपर्यंत कोणाशी धड बोलला नाही.