लेण्याच्या माथ्यावरचं सिमेंट

त्या लेण्याच्या माथ्यावर सिमेंट मी घातलं. मिलिंदला हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्यानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या एका सोसायटीच्या गच्चीवर उभा होतो. त्याची बायको सुजाता एवढंच म्हणाली, "झोपेतच गेला रे... हार्ट." मी कठड्याला टेकून खाली बसलो. खरं लिहायचं तर दुःखाच्याही आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता त्याला कधीच कळणार नाही. मग त्या सुटकेचीच जी भीती वाटली, ती अजून गेलेली नाही.

आम्ही शाळेपासूनचे. तो डोंगराखालच्या वस्तीतला, मी रस्त्यापलीकडच्या चाळीतला. पुढे तो आर्किटेक्ट झाला आणि जुन्या वास्तू जपण्याच्या कामाला लागला. मी इमारतींचं वॉटरप्रूफिंग करायला लागलो. तो चिडवायचा, "तू पाणी अडवून बंगला बांधशील, मी पाण्याला वाट करून देत उपाशी मरेन." बंगला काही झाला नाही, पण धंदा बरा चालला. वस्तीच्या वर डोंगरात एक लहानसं लेणं आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. कोरलेले चार खांब, आत बुद्धमूर्ती, समोर अंगण. मिलिंदची आई, जिला आम्ही सगळे माई म्हणतो, दर पौर्णिमेला तिथे बायकांना घेऊन वंदना घ्यायची. वस्तीत तिचा जो मान होता तो त्या जागेमुळे होता.

मिलिंद काही वर्षं कामासाठी विदर्भात होता. तेव्हा वस्तीतल्या मंडळाचा अध्यक्ष माझ्याकडे आला. "भाऊ, लेण्याचं छत गळतंय. मूर्तीवर पाणी पडतं. तुमचंच काम आहे हे." मी वर जाऊन पाहिलं. लेण्याच्या माथ्यावर खडकात वेड्यावाकड्या खाचा होत्या, मातीनं भरलेल्या. मला वाटलं, पाणी इथेच साचत असणार. माणसं लावली, खाचा सिमेंटनं बुजवल्या आणि वर जाड थर ओढला. पैसे घेतले नाहीत, नावही पुढे केलं नाही; वस्तीला वाटलं, मंडळानंच करून घेतलं. पुण्याचं काम म्हणून मी खूशही होतो. गळती थांबली. अध्यक्ष नंतर विरारला राहायला गेला, थरावर गवत उगवलं आणि मी ते विसरून गेलो. त्या खाचा म्हणजे लेणं कोरणाऱ्यांनीच काढलेल्या पन्हळी होत्या, डोंगरावरचं पाणी दोन्ही बाजूंना वळवणाऱ्या. मी बुजवल्यावर ते पाणी अडलं, खडकाच्या आत शिरलं आणि छतातली एक जुनी भेग आतून उघडत गेली. हे मला मिलिंदनं समजावलं, पण तोवर छताचा एक मोठा तुकडा खाली आला होता. माई वंदनेला बसते, नेमका तिथे. त्या दुपारी ती तिथे नव्हती, एवढंच.

मिलिंद परत आला होता आणि लेण्याचं काम त्याच्याकडेच आलं होतं. त्यानं पहिल्यांदा दाराला कुलूप लावलं. मग भेगेवर जागोजागी काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. दगड जरासा हलला तरी काच तडकते, आणि डोळ्यांना न दिसणारी हालचाल कळते. मला तो सोबत न्यायचा. "चल रे, एकट्याला भीती वाटते. मरायचं तर दोघं मरू, पण आधी डबा खाऊ." एकदा आम्ही आत उभे असताना डोक्यावर बारीक टक् असा आवाज झाला. काच तडकली होती. मला पळायचं होतं, पण मिलिंदनं माझं मनगट घट्ट धरलं आणि पाय न आपटता, हळूहळू, मला उलट्या पावली बाहेर आणलं. अंगणात येऊन तो मटकन बसला. त्याचा शर्ट घामानं भिजला होता. "हसू नकोस हां," तो म्हणाला. "मला रोज असंच होतं. हे कुणाच्या डोक्यावर पडलं तर... माझ्या आईच्याच डोक्यावर पडलं तर?"

थोड्या दिवसांनी त्यानं माथ्यावरचं गवत काढलं. मला वर बोलावून तो थर दाखवला. "बघ, कुणीतरी पन्हळी बुजवल्यात. हे कुणी केलं असेल रे?" मी खाली वाकून सिमेंटला हात लावला. माझ्याच माणसांच्या थापीच्या खुणा त्यावर होत्या. "कोण जाणे. जुनं दिसतंय," मी म्हणालो. संरक्षित वास्तू, त्यामुळे गुन्हा दाखल होईल, धंदा जाईल... आणि मिलिंद माझ्याकडे बघेल. या शेवटच्याची भीती सगळ्यात मोठी होती. तो म्हणाला, "काढायला फार वेळ लागणार. मशीन लावलं तर हादऱ्यानं छत येईल. छिन्नीनंच काढायचं, हातानं. नंतर भेगेत चुना." त्याचा एक नियम होता. जे उद्या परत काढता येणार नाही, ते आज लावायचं नाही.

पण त्यानं सिमेंट फोडायला घेतलं आणि वस्ती बिथरली. तुकडा पडला तो दगड जुना झाला म्हणून, असं लोक मानत होते; त्यांना दिसत होतं ते एवढंच: सिमेंट घातलं आणि गळती थांबली, मिलिंद आला आणि लेण्याला कुलूप लागलं. समाजमंदिरात बैठक झाली. एक बाई उठून म्हणाली, "दुसऱ्यांनी आपल्याला बाहेर ठेवलं, आता आपलाच पोरगा ठेवतोय." माई पहिल्या ओळीत बसली होती, खाली मान घालून. मिलिंदनं पन्हळी समजावून सांगितल्या, फोटो दाखवले. कुणी ऐकेना. मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "हा वॉटरप्रूफिंगवाला आहे. माझं नका ऐकू, याचं ऐका. सांग रे यांना." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "दोन्ही बाजू तपासायला पाहिजेत... घाईनं काही सांगता यायचं नाही." मिलिंद माझ्याकडे बघत राहिला. त्याला राग आला नव्हता. त्याला कळतच नव्हतं. बैठक संपल्यावर माई त्याच्यासमोरून गेली आणि जाता जाता एवढंच बोलली, "लई शिकलास. आईचीच जागा बंद केलीस." त्यानंतर ती त्याच्या घाटकोपरच्या घरी गेली नाही. तो वस्तीत यायचा, तर ती शेजारणीकडे जाऊन बसायची. काम अर्धं झालं होतं, आणि तो गेला.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्यासाठी ठेवलेल्या वंदनेला, वस्ती जमली होती. लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलले, जपून बोलले. दुसऱ्या दिवशी मी माईच्या खोलीवर गेलो. चपला काढून दारातच थांबलो. छताखाली उभं राहताना वाटायची, तीच भीती.

"ये बाबा," ती म्हणाली. "तू तरी येतोस. बस. चहा टाकते."

"नको माई. आधी ऐक."

"काय झालं रं? तोंड का असं?"

मी जमिनीवर बसलो. तिच्याकडे बघून बोलायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. "माई, लेण्यावरचं ते सिमेंट मी घातलं होतं. त्यानंच पाणी आत शिरलं, त्यानंच तो तुकडा पडला. तू त्या दिवशी तिथे असतीस तर... म्हणून त्यानं कुलूप लावलं. तुझ्यासाठी लावलं. बैठकीत त्यानं मला विचारलं, तेव्हा मला सगळं माहीत होतं आणि मी घाबरलो. तो खरं बोलत होता माई, आणि मी त्याला तुझ्यासमोर खोटं पडू दिलं. आता हे मी वस्तीसमोरही सांगणार आहे, लेखीही देणार आहे, पुढे काय व्हायचं ते होऊ दे. पण आधी तुला सांगायला आलो. त्याची माफी मागायची राहून गेली. तुझी मागतो. माई, मला माफ कर."