कंदिलाकडे बघायचं

विहिरीत उतरण्याआधी विहीरआबा कठड्यावर ओणवे व्हायचे आणि खाली तोंड करून मोठ्याने विचारायचे, "कोण हाय काय खाली?" खालून त्यांचाच आवाज घुमून परत यायचा. आबा तो कान देऊन ऐकायचे आणि जमलेल्या माणसांकडे वळून गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "नाय म्हणतोय." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग आबा कासोटा घट्ट करून दोराला हात घालायचे.

त्यांचं खरं नाव वाडीत फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. मिऱ्यापासून हातखंब्यापर्यंत कुठल्याही विहिरीचा गाळ काढायचा असला की त्यांना बोलावणं यायचं, म्हणून ते विहीरआबा. वय पन्नाशीच्या पुढे, अंग काटक, आणि जांभ्याच्या खोबणीत रुतवून रुतवून पायांची बोटं फाकलेली. रत्नागिरीच्या कडेला, वाडीतल्या त्यांच्या घराची एक खोली मी भाड्याने घेतली होती. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडून शाळेत शास्त्र शिकवायला लागलो होतो, आणि वाडीतलं सगळं अज्ञान येत्या दिवाळीच्या आत संपवायचं असा माझा बेत होता.

अज्ञानाला तोटा नव्हता. आमच्याकडे पिंपळावर मुंजा, वाटेवर चकवा आणि पाण्यात गिऱ्हा. प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाचा नारळ ठरलेला. मी तावातावाने बोलायला लागलो की लोक ऐकून घ्यायचे आणि घरी जाऊन नारळ सोलायचे. आबांचं तसं नव्हतं. ते वाद घालत नसत. "मास्तर, चाळीस विहिरी उपसल्या मी," ते सांगत. "घागरी गावल्या, कळश्या गावल्या, एकदा खाटंचा पाय गावला. भूत काय गावला नाय." माझ्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा या एका वाक्याचा परिणाम जास्त व्हायचा, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा हेवा वाटायचा.

म्हणून ते देव न मानणारे होते असं नाही. शिमग्यात पालखीला खांदा द्यायला पहिले तेच. मी एकदा डिवचलं, "आबा, भूत नाही म्हणता, मग देव कसा मानता?" त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "देव वर ऱ्हातो. तिथं मी गेलो नाय, म्हणून मी काय बोलत नाय. विहिरीत मी जाऊन आलोय."

एका विहिरीवर घागरींचे दोर तुटायचे. खाली गिऱ्हा बसलाय आणि तो दोर कुरतडतो, असं घरच्या म्हातारीचं ठाम मत होतं. आबा उतरले, आणि निम्म्यावर जांभ्याचा एक धारदार कंगोरा बाहेर आला होता तो छिन्नीने उडवून वर आले. दुसरीकडे भर दुपारी विहिरीतून कुणी बाई हुंदके देतेय असं ऐकू यायचं. आबांनी ओंजळीत पारव्याची दोन पिल्लं आणली आणि तिथल्या म्हातारीच्या पुढ्यात धरली. "ही बगा तुमची बाई. जुळी हायत." खाली सापडलेली भांडी ते कठड्यावर ओळीने मांडून ठेवायचे आणि ज्याचं त्याने ओळखून न्यावं म्हणून तिकडे पाठ करून बसायचे. कुणी दुसऱ्याची कळशी उचलली तरी ते वळून बघत नसत.

पण एका बाबतीत हा माणूस मुळीच थट्टा करत नसे. तो म्हणजे कंदील. कुठल्याही विहिरीत आधी पेटता कंदील दोराने खाली सोडायचा. ज्योत नीट राहिली तर उतरायचं, मंदावली तर नाही. आबा खाली असेपर्यंत तो कंदील त्यांच्या शेजारी लोंबकळत ठेवायचा, आणि वर एका माणसाने त्याच्यावर नजर ठेवायची. पाला कुजून खाली वाईट हवा धरते, गाळ ढवळला की ती उठते, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. मी त्यांना पेला आणि मेणबत्तीचा शाळेतला प्रयोग करून दाखवला. मेणबत्ती विझली तसे ते खूश होऊन म्हणाले, "म्हंजे तुमी गिलासात विहीर केलीत." मग लगेच बजावलं, "वरच्या माणसाचा काम एकच. माज्याकडं नाय, कंदिलाकडं बगायचा. माणूस बरा हाय, बरा हाय म्हणता म्हणता पडतो. कंदील तसा नाय."

वाडीच्या वरच्या अंगाला एक विहीर जांभ्याच्या चिऱ्यांनी बंद केलेली होती. तिला सुनेची विहीर म्हणत. फार वर्षांपूर्वी कुणाची तरी सून तिच्यात गेली होती. पुढे गाळ काढायला दोघे उतरले, त्यातला एक मेला आणि एक बेशुद्ध वर आला. तेव्हापासून ती सून खालून ओढते असं झालं, आणि बायका उतारावरून खाली दुसऱ्या वाडीत जाऊन पाणी आणू लागल्या. दोन हंडे डोक्यावर आणि एक कळशी कमरेवर घेऊन तो चढ चढताना मी त्यांना रोज बघत होतो. त्या वर्षी उन्हाळा कडक निघाला. मी ठरवलं की ही विहीर उघडायची. पाणी मिळेल आणि भूतही कायमचं जाईल, एका दगडात दोन पक्षी.

आबा पटकन तयार झाले नाहीत. "भूत नाय तिथं," ते म्हणाले, "पन घान लय हाय. वरसानुवरसाची." मी त्यांच्या मागे लागलो. शेवटी बोललो, "आबा, तुम्हीच मागे हटलात तर लोक म्हणतील, विहीरआबाही घाबरला." हे मी बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिरे काढले, आंब्याची पालेदार फांदी दोराला बांधून दोन दिवस विहिरीत खालीवर केली, हवा हलवली. तिसऱ्या दिवशी कंदील सोडला. तो स्वच्छ जळत राहिला.

त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, म्हणून कंदिलावर मी बसलो. आबांच्या कमरेचा दोर वाडीतल्या दोन गड्यांनी धरला. सकाळची दहाची वेळ होती. माणसं आली होती, पण वीस-पंचवीस पावलं लांब, फणसाखाली. आबांनी ओणवं होऊन नेहमीचा प्रश्न विचारला, नेहमीचं उत्तर सांगितलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. जाताना मला म्हणाले, "मास्तर, कंदील."

पहिल्या दहा-बारा टोपल्या गाळ वर आला. आबा खालून काहीबाही बोलत होते. मला स्फुरण चढलं. मी उठलो, विहिरीकडे पाठ केली आणि फणसाखालच्या लोकांना म्हणालो, "बघा. कुठे आहे तुमची सून? अर्धा तास झाला माणूस खाली आहे." मग मी बोलत सुटलो. प्राणवायू सांगितला, कर्बवायू सांगितला, विज्ञानाचं युग सांगितलं. लोक हळूहळू जवळ सरकत होते आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. इतकी माणसं माझं इतकं मन लावून ऐकताहेत असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. किती वेळ बोललो ते मला आजही सांगता येत नाही. दोर धरलेल्या गड्यांपैकी एकाने विचारलं, "मास्तर, आबा गप का झाले?" मी वळलो. विहिरीत अंधार होता.

त्यांना वर ओढलं तेव्हा ते गेलेले होते. अंगावर कुठे खरचटलंही नव्हतं. कंदील वर घेतला. काच शाबूत, तेल अर्ध्याहून जास्त. कुणीतरी तो हलवून तेलाचा आवाज ऐकला आणि हळूच म्हणालं, "तेल असून विझला. तिनंच फुंकला." बायकांनी पोरांना पोटाशी घेतलं. मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. कंदील का विझला ते त्या गर्दीत फक्त मला कळत होतं. तो कधी विझला हे मात्र मलाही कळलं नव्हतं, आणि ते का कळलं नव्हतं हेच सांगायला लागलं असतं. मी गप्प बसलो. माझी पाठ विहिरीकडे होती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण सगळे माझं तोंड बघत होते.

संध्याकाळी आबांच्या बायकोने मला आत बोलावलं. मी त्यांना मावशी म्हणायचो, रोज सकाळी त्यांच्या हातची पेज खाऊन शाळेला जायचो. त्यांनी रडणं थांबवून विचारलं, "मास्तर, तुमी शिकलेले. तुमी वर होतात. खरा सांगा, काय होता काय खाली? हे जल्मभर नाय म्हणत आले." त्यांच्या नवऱ्याचा आयुष्यभराचा शब्द खरा की खोटा, एवढंच त्या विचारत होत्या. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "मावशी, काहीतरी होतं."

तेरा दिवस झाल्यावर विहिरीवर गाऱ्हाणं घालायचं ठरलं. कोंबडा आणला, नारळ आणला. मीही गेलो, न जाऊन कसं चालेल. वाडीतल्या जुन्या मानकऱ्याने हात जोडून सुरुवात केली, "बा महाराजा, तुज्या जाग्यावर येऊन या तुज्या लेकरानं काय उणादुणा शबूद टाकला असंल..." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा." "नाय नाय म्हणून तुजी थट्टा केली असंल..." "व्हय महाराजा." "ती त्याची चूक पदरात घे, आन् मागं ऱ्हायल्यांना सांबाळ रे महाराजा." "व्हय महाराजा." मावशी माझ्या शेजारी डोळे मिटून उभ्या होत्या. नवऱ्याच्या उद्धटपणाची माफी मागत होत्या. दोनदा मी ओठ नुसते हलवले. तिसऱ्यांदा मावशींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मी मोठ्याने म्हणालो, "व्हय महाराजा." शास्त्राच्या मास्तरानेही होय म्हटलं, हे लोकांनी पाहिलं. मग विहिरीवर पुन्हा चिरे बसले.

बायका पुन्हा तो चढ चढू लागल्या. मावशी मला पेज देत राहिल्या, उलट बाकीच्यांना सांगायच्या, "मास्तर होते म्हणून ह्यांची माती तरी वर आली." ती पेज मी वर्षभर खाल्ली. पुढच्या जूनमध्ये बदली मागून घेतली आणि सावर्ड्याला गेलो. वर्गात मेणबत्ती आणि पेल्याचा प्रयोग दर वर्षी असायचा. तो मी मुलांना पुस्तकातूनच वाचून दाखवायचो.

सात-आठ वर्षांनी मावशी गेल्याचं कळलं, तेव्हा मी वाडीत गेलो. घरी आबांची सून होती, मुंबईच्या मुलाची बायको. वाटेत विहिरीच्या चिऱ्यांवर ताजी फुलं दिसली होती, आणि तिथेच एक बाई आपल्या पोरीला दटावत होती, "तिकडं जाव नको, आबा वढंल." आता त्या विहिरीत आबा होते. जन्मभर भूत नाही म्हणणाऱ्या माणसाचं भूत झालं होतं, आणि ते मी केलं होतं. मी पडवीत बसलो आणि सुनेला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी कसा मागे लागलो, कशी पाठ केली, कंदील, व्याख्यान, मावशींशी बोललेलं खोटं. सांगताना मी रडलो. म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांचं काहीही चुकलं नव्हतं. खाली काही नव्हतं. चूक माझी होती."

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, तुमी त्यांच्यावर लय जीव लावलात, म्हणून आपल्यावर घेताव. तसा नका करू. गाऱ्हाण्याला मी मागं उभी होते. तुमी सोता व्हय म्हणालात, आमी ऐकलाय." मी पुन्हा सांगायला गेलो. ती आत गेली, विहिरीवर फोडलेल्या नारळाचं खोबरं घेऊन आली आणि प्रसाद म्हणून एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. ती समोर उभी होती. मी तो खाल्ला.