दाराआडची हरकत

माझी सून वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मी चौथी पास. तरी या उन्हाळ्यात तिला प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. माझं मनगट दुखायला लागल्यापासून भाकरी तीच थापते. हात पिठात असले की तिला पुस्तक धरता येत नाही. एके दिवशी ती म्हणाली, "आत्या, तुम्ही नुसतं वाचा. उत्तर मी देते. चुकलं तर माझं मला कळतंय."

मग मी चुलीपासून जरा लांब बसून वाचायला लागले. वाचता मला येतं, पण सावकाश. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द पहिल्या दिवशी मी तीन तुकड्यांत वाचला आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत पोचले तेव्हा पहिला विसरले होते. ती हसली नाही. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "जल्दी न्हाई आपल्याला."

खरं तर जल्दी होती. तिचे दोन पेपर राहिले होते, एक संविधानाचा आणि एक आंतरराष्ट्रीय कायद्याचा. गेल्या वर्षी पेपरांच्याच दिवसांत नात झाली, म्हणून ते दोन हुकले. बाकी सगळे सुटले होते. हे दोन झाले की तिला काळा कोट मिळणार होता. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला यांचं मोटारी भरायचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांना नवी तार गुंडाळून देतात. दुकानामागे आमचं घर. घरात आम्ही चौघं, यांच्यासह.

संविधानाच्या प्रश्नांत एक असा होता: गप्प राहणे हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे काय? कारणे द्या.

मी वाचला आणि मला वाटलं माझं वाचण्यात चुकलं. पुन्हा वाचला.

"आहे," ती म्हणाली. "बोलायचा अधिकार आहे म्हंजे न बोलायचाबी आहे." मग तिने कारणं दिली. कुठल्याशा शाळेत राष्ट्रगीत चालू असताना काही मुलं नीट उभी राहिली, पण धर्मामुळे गायली नाहीत. शाळेने काढून टाकलं. मोठ्या कोर्टाने परत घ्यायला लावलं. उभी होती, अपमान केला नव्हता, गायलंच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यालासुद्धा स्वतःच्या विरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही.

मला लहानपणापासून सगळे मुकी म्हणत आले. शाळेत गुरुजी विचारायचे तेव्हा उत्तर येत असूनही माझा घसा बंद व्हायचा. लग्नानंतर बायका म्हणायच्या, हिच्या तोंडात कुलूप आहे. मी ते व्यंग समजत होते. असं काही कायद्यात चांगल्या अर्थाने लिहिलेलं असेल असं वाटलं नव्हतं. दोन-चार दिवस मी जरा ताठ चालले असेन.

मग दुसऱ्या पेपराचे प्रश्न सुरू झाले आणि सगळं उलटं झालं.

त्यात एक देऊळ होतं. दोन देशांच्या सीमेवर, डोंगराच्या टोकाला. एका बाजूने नकाशा काढला आणि देऊळ आपल्याकडे दाखवलं. नकाशा दुसऱ्या देशाला पाठवला. तो देश काहीच बोलला नाही. उलट त्याने नकाशाच्या आणखी प्रती मागवल्या. कितीतरी वर्षं अशीच गेली. पुढे भांडण जगाच्या कोर्टात गेलं तेव्हा कोर्ट म्हणालं, बोलायला पाहिजे तेव्हा तुम्ही बोलला नाहीत, म्हणजे तुम्हाला मान्य होतं. देऊळ गेलं.

"याला मूकसंमती म्हणत्यात," सून म्हणाली.

"त्यांनी नकाशा उघडून पाहिलाच नसेल तर?"

"मंग पाहायला पाहिजे होता."

"पण परवा तर तू म्हणलीस गप्प राहायचा अधिकार आहे."

"तो माणसाचा. हे देशांचं आहे, आत्या."

"देशात माणसंच असतेत ना?"

तिने पिठाचा नवा गोळा हातात घेतला. मग म्हणाली, "तुम्ही पुढचा वाचा."

पुढचा रूढीवर होता. देशांमध्ये कायदा लिहिलेला नसला तरी सगळे एकसारखं वागत असतील, आणि असं वागलंच पाहिजे असं सगळ्यांना वाटत असेल, तर त्या रूढीचाच कायदा होतो. हे मात्र मला लगेच कळलं, कारण आमच्या घरात तशी एक आहे. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरे. भासऱ्यांपुढे धाकट्या भावाच्या बायकोने बोलायचं नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा आणि दाराआड उभं राहायचं. काही सांगायचंच असेल तर मधे लेकरू घालायचं: बाळा, त्यांना म्हणावं हातपाय धुवा. बाळा, त्यांना म्हणावं जेवण झालंय. माझा मुलगा लहान होता तोवर त्याच्यामार्फत आमचं बोलणं झालं. तो मोठा झाल्यावर तेही बंद झालं. लग्न झाल्यापासून मी भासऱ्यांशी एक शब्द सरळ बोललेली नाही, आणि तेही माझ्याशी नाही.

मी सुनेला विचारलं, "मंग हा कायदा झाला का?"

ती खूप हसली. "व्हय, तुमच्या दोघांपुरता."

"अन् एखाद्याला नको असला तर?"

"त्याने रूढी तयार होताना, सुरुवातीलाच हरकत घ्यायला पाहिजे. अन् घेतच राहायला पाहिजे. एकदा पक्की झाली की मंग लागू होती."

माझ्या सासूच्याही आधी ती पक्की झालेली होती. मी गप्प बसून राहिले. हे माझं गप्प बसणं पहिल्या पेपरातलं की दुसऱ्या, ते मला कळलं नाही.

अशातच भासरे आले. वाटूरच्या पुढे आमचं गाव आहे, शेती तेच बघतात. नातीसाठी गावरान आंबे घेऊन, दोन गाड्या बदलून आले. त्यांच्या मुलाचं लग्न जमलं होतं. तारीख ऐकली आणि सुनेच्या हातातला तांब्या तसाच राहिला. हळदीच्या दिवशी संविधानाचा पेपर होता आणि लग्नाच्या दिवशी आंतरराष्ट्रीय कायद्याचा.

"आठ दिवस आधी पोरीला पाठवून दे," भासरे यांना म्हणाले. "तुझी भावजय गेल्यापासून घरात बाईमाणूस न्हाई. हळद लावायला वहिनी लागती. पाहुण्यांचं कोण बघंल?"

हे म्हणाले, "तिचे पेपर आहेत, दादा."

"पेपर पुढच्या साली पुन्हा येतेत. लग्न येतंय का?"

भासऱ्यांपुढे यांचंही फारसं चालत नाही. यांनी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "घरात ठरवा, मला दोन्ही चालतंय." तिकडे भोंगा वाजला आणि त्याने फोन ठेवला.

मी आत सुनेजवळ गेले. ती आंबे पाण्यात टाकत होती. एकेक टाकायची आणि बोटाने दाबून बुडवायची.

"तू बोल ना," मी म्हणाले.

"मी सून आहे. मी बोलले तर कोर्टात बोलल्यावाणी वाटंल. मोठे मामा म्हणतील, शिकली म्हणून उलटून बोलून राह्यली."

"मंग?"

"मंग काही न्हाई. गेल्या वर्षी राह्यले, याबी वर्षी राहतील."

"अगं, पण हे आपलं घर कुठल्या पेपरात येतं? पहिल्या का दुसऱ्या? गप्प राह्यलं तर आपला अधिकार राहतो का देऊळ जातं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण तोंडावर हसू आलं. "दोन्हीतबी न्हाई येत, आत्या. आपल्यावर कुणीच प्रश्न काढीत न्हाई."

हे ऐकून मी जास्तच गोंधळले. एवढी दोन पुस्तकं, आणि आमच्या घरापाशी दोन्ही थांबतात?

जेवणं झाली. भासऱ्यांनी हात पुसले आणि नेहमीसारखं विचारलं, "मंग घरात कोणाची हरकत न्हाई ना?"

हा प्रश्न ते दर वेळी विचारतात. गावातली जमीन वाटली तेव्हा विचारला होता. दुकान या रस्त्यावर आणलं तेव्हाही. विचारून ते दाराकडे नाही, दाराशेजारच्या भिंतीकडे बघतात, कारण दारात मी असते. मग एखादा क्षण थांबतात आणि म्हणतात, ठरलं. आजवर मला वाटायचं, ही विचारायची एक पद्धत आहे, जेवण झाल्यावर पाणी मागतात तशी. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा नकाशा आहे. तो ते दर वेळी माझ्याकडे पाठवत होते.

ते भिंतीकडे बघत होते. नात माझ्या कडेवर होती. ती नुकती वर्षाची झालेली, तिला 'पापा' आणि 'जा' एवढंच बोलता येतं.

भासरे म्हणाले, "मंग ठर..."

"बाळा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मोठ्या आबांना म्हणावं, हरकत आहे."

नात म्हणाली, "पापा."

भासरे भिंतीकडेच बघत राहिले. त्यांनाही माझ्याशी सरळ बोलता येत नव्हतं, रूढी दोन्हीकडून असते. शेवटी ते नातीला म्हणाले, "बाळा, आजीला इचार, कसली हरकत?"

आणि इथे मी अडकले. हरकतीपर्यंतच मी ठरवलं होतं. कारणे द्या, हा भाग माझ्या लक्षातच आला नव्हता. दारामागे सून उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हणाले, "बाळा, म्हणावं, पेपर आहेत."

"ते ऐकलं मी. बाळा, आजीला म्हण, घरात बाईमाणूस न्हाई."

"म्हणावं, मी येते. आठ दिवस आधी. नातीला घेऊन येते. सुनेला अभ्यास होईल अन् इकडचं जेवणखाणबी ती बघंल."

भासऱ्यांनी कपाळावर हात मारला आणि रूढी न मोडता, पण रागाने यांच्याकडे वळून म्हणाले, "अरे, तिला तिथं मी काय सांगू अन् कसं सांगू? शेवया आणा म्हणायचं तर मधे माणूस ठेवू का पगारी?"

यांना हसू आवरलं नाही. "दादा, आत्ता तर सांगितलंत की."

"काय सांगितलं?"

"बराबर चाललंय तुमचं. पोरगी आहे ना मधे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तुला बोलता येतंय व्हय? मी उगं एवढी वर्षं एकटाच बोलून राह्यलो."

भासरे उठले. चप्पल घातली. ना हो म्हणाले ना नाही. नातीच्या गालाला बोट लावलं आणि गाडीसाठी रस्त्यावर निघून गेले.

मी लगेच सुनेला विचारलं, "ते गप्प गेले. हे कशात धरायचं?"

तिने विचार केला. "बोलायला पाहिजे तेव्हा बोलले न्हाईत. देवळासारखं धरायचं."

"अन् त्यांचा गप्प राहायचा अधिकार?"

"आत्या, जाऊ द्या आता," ती म्हणाली आणि मला घट्ट धरलं. तिच्या हाताला आंब्यांचा वास येत होता.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी नातीला घेऊन गावी गेले. मनात धाकधूक होती की दारातच विचारतील, सूनबाई कुठंय? त्यांनी विचारलं नाही. नातीला घेतलं आणि म्हणाले, "बाळा, आजीला सांग, शेवया माळवदावर वाळत घातल्यात." मी म्हणाले, "बाळा, म्हणावं, बघते." ते आठ दिवस आम्ही एवढं बोललो की आधीच्या सगळ्या वर्षांत तेवढं बोललो नसू. नात मधे झोपली तर दोघांचीही पंचाईत व्हायची. एकदा ती झोपेत असतानाच ते तिला म्हणाले, बाळा, गूळ संपला, आणि मी तिला म्हणाले, बाळा, उतरंडीत आहे. ती घोरत होती.

हळदीच्या दिवशी बायका विचारायला लागल्या, मोठी वहिनी कुठंय, आली का न्हाई? मी खाली मान घालून हळद कालवत होते. भासरे ओट्यावरून मोठ्याने म्हणाले, "पोरगी पेपरला गेलीय. हळद चुलतीने लावली तरी चालतीय." कुणाकडे बघून म्हणाले ते मला दिसलं नाही. मीच हळद लावली.

लग्नाच्या दिवशी सून दुपारची गाडी धरून अक्षता पडल्यावर पोचली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, देऊळ आलं का? आलं होतं म्हणाली. गप्प राहायचा प्रश्नही आदल्या पेपरात आला होता. दोन्ही लिहिले. "दुसरा लिहिताना माझाबी गोंधळ झाला. तुमचा प्रश्न आठवला." निकाल अजून लागायचा आहे.

माझ्यापुढे मात्र वेगळंच येऊन बसलं आहे. परवा भासरे आले होते. नव्या सुनेच्या माहेरच्यांना आहेर काय करायचा, साडी का भांडं, असलं काहीतरी चाललं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "घरात कोणाची हरकत न्हाई ना?" मला खरोखर काही म्हणायचं नव्हतं. दोन्ही मला चालत होतं. मी नेहमीसारखी दाराआड गप्प उभी राहिले.

पण ते 'ठरलं' म्हणालेच नाहीत. भिंतीकडे बघत थांबले. हेही थांबले. सून हातातलं काम सोडून दारात आली. सगळे माझी वाट बघत होते आणि मला काही सुचत नव्हतं. मी नातीकडे बघितलं, नात माझ्याकडे. शेवटी मी म्हणाले, "बाळा, म्हणावं, मला काही म्हणायचं न्हाई." तेव्हा कुठे भासरे म्हणाले, "ठरलं."

आता काही म्हणायचं नसलं तरी तसं म्हणावं लागतं.